लाल फडक्याची काठी

समुद्राला लागून वसलेल्या एका गावात दोन जावा राहत होत्या. घराच्या वाटण्या झाल्यावर दोघींनीही सुट्टीत समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय सुरू केली. थोरलीच्या हाताला चव होती, खोल्याही हवेशीर होत्या. तरी पाहुणे उतरायचे धाकटीकडे, आणि पुढच्या सुट्टीत आणखी चार ओळखीचे घेऊन पुन्हा धाकटीकडेच. थोरलीच्या पोटात दुखायचं ते इथं.

"हिच्या आमटीला चव ना ढव," ती चुलीपाशी पुटपुटायची, "मग माणसं भुलतात तरी कशाला?"

भुलण्यासारखं एवढंच होतं, की धाकटी पाहुण्यांबरोबर फिरायची. ओहोटीला खडकांवर नेऊन खेकडे दाखवायची, वाळूतले शिंपले शोधायला शिकवायची आणि भरती चढायच्या आत सगळ्यांना मागे आणायची. भरल्या पोटी पाण्यात जाऊ नका, लहान पोरांना गुडघ्याच्या वर पाण्यात सोडू नका, हे न कंटाळता सांगायची. रोज सकाळी किनारा न्याहाळून, जिथं पाणी आत ओढत असेल तिथं ती लाल फडकं बांधलेली काठी रोवायची. त्या काठीजवळ कुणी उतरत नसे.

एके दिवशी ती काठी नेमकी थोरलीच्या घरासमोर आली.

"माझंच दार सापडलं का गं तुला?" थोरली म्हणाली.

"जाऊबाई, वाळू सरकलीय हो. बघा ना, इथं लाट फुटतच नाही, पाणी गुपचूप आत जातंय. उद्या माझ्या दारासमोरही असेल."

थोरलीला पाण्यातलं कळत नव्हतं असं नाही. तिचा जन्म त्याच किनाऱ्यावर गेला होता. पण हेव्यानं भरलेल्या डोळ्यांना पाणी कुठलं दिसायला? आता उरलेसुरले पाहुणेही जाणार, एवढंच तिला दिसलं. धाकटी बाजाराला गेली तशी तिनं काठी उपटली आणि धाकटीच्या घरासमोर नेऊन रोवली.

दुपार कलल्यावर धाकटीचे पाहुणे समुद्रावर आले. शिकवल्याप्रमाणे ते काठीपासून लांब सरकले, ते थेट थोरलीच्या दारासमोर. थोरली हरखली. कोकम सरबताचे पेले भरताना तिला वाटलं, येऊ दे आता बाजारातून, बघू दे गर्दी कुणाच्या दारात आहे ती.

एवढ्यात तिची पुतणी, धाकटीची मुलगी, धावत आली आणि सगळ्यांच्या पुढे पाण्यात शिरली. आईची काठी तिकडे होती, मग इथं कसली भीती?

थोरलीनं पाहिलं, मुलीभोवतीचं पाणी सपाट होतं. तिनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली तर काठी कुणी हलवली, हेही सांगावं लागणार होतं. तेवढ्यात पोरगी पार आत ओढली गेली.

मग मात्र थोरली पेले टाकून धावली. "बाहेर या सगळे! काठी मी हलवलीय! बाय, काठाकडे येऊ नको, दमशील. आडवी पोह, आडवी!"

काकूचा आवाज ऐकून पोरगी वळली. धापा टाकत ती किनाऱ्याला समांतर पोहत राहिली, लाटा फुटत होत्या तिथवर पोचली आणि लाटांबरोबर काठाला लागली.

धाकटीनं बाजारातून आल्यावर सगळं ऐकलं. ती लेकीला कुशीत घेऊन बसून राहिली. दोन्ही घरच्या पाहुण्यांनी त्याच संध्याकाळी सामान बांधलं.

थोरलीनं रडून माफी मागितली आणि धाकटीनं ती दिलीही. पुढे काही दिवसांनी धाकटी सकाळी काठी रोवून आली आणि लेकीला म्हणाली, "जा, आता खेळ जा."

पोरगी पाण्याच्या कडेला थबकली. "आई, मधे कुणी हलवली नसेल ना गं?"

आई नाही म्हणाली, तरी पोरीनं पाऊल पुढे टाकलं नाही. अंगणात उभी असलेली थोरली हे ऐकत होती.

तात्पर्य: हेव्यापायी धोक्याची खूण हलवता येते, धोका हलत नाही. आणि एकदा डळमळलेला विश्वास नुसत्या माफीनं परत येत नाही.