येशूचा जन्मदाखला

विषय: येशू ख्रिस्तांच्या जन्माच्या नाटकासाठी नगरपालिकेचे मैदान मोफत मिळणेबाबत.
संदर्भ: सलोमीबाई साळवे यांचा अर्ज.

थोर पुरुषांच्या जयंतीला आमच्या नगरपालिकेचं मैदान फुकट मिळत असे. सलोमीबाईंनी चर्चमधल्या पोरांचं नाटक बसवलं होतं आणि नाताळ तोंडावर आला होता. मुख्याधिकारी बोंद्रेसाहेबांनी अर्ज नाकाशी धरला.

"जयंती म्हणता, पण जन्मदाखला कुठंय? इतिहासकारांनाही यांची जन्मतारीख नक्की सांगता येत नाही."

"साहेब, त्यांच्या आईबापांना गावी बोलावलं होतं ते शिरगणतीसाठी. दिवस भरलेल्या बाईला सरकारनंच एवढी पायपीट करायला लावली. म्हणजे नोंद सरकारी दप्तरातच असणार. दाखला तुम्ही द्यायचा, तर उलट आमच्याकडेच मागताय?"

"अहो बाई, ते रोमन सरकार! आमचा काय संबंध?"

"तिथल्या कारकुनानंही असंच हात झटकले असतील. म्हणून तर बाळ गोठ्यात जन्मलं."

कचेरीत कुणीतरी खोकून हसू दाबलं. साहेबांनी घाईघाईनं शेरा मारला: "जुने दप्तर शोधून अहवाल सादर करावा."

"शोधा सावकाश," बाई म्हणाल्या. "तोवर मोकाट जनावरांचा कोंडवाडा द्या. कुठं जागा मिळाली नाही की गोठा गाठायची आमच्यात जुनी रीत आहे."

कोंडवाड्याला दाखला लागतो असा नियम साहेबांना सापडेना. नाटक तिथंच झालं. गाईंनी उत्तम काम केलं. गाढवानं मात्र एका मेंढपाळाची कापसाची दाढी खाल्ली.

रोमन दप्तराचा शोध चालू आहे. मैदानाचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.