दूध उगवतीला गेलं

पांघरुणं घ्या आधी. घेतली? आता ऐका.

मी एकदा नवस बोलले होते, सोळा अळणी सोमवारांचा. नवव्या सोमवारी घरच्यांसाठी आमटी केली आणि हाताच्या सवयीनं तळव्यावर थेंब घेऊन मीठ बघितलंसुद्धा! घाबरले. कुणाला बोलले नाही, पण अन्न गोड लागेना. शेवटी सासूबाईंना रडत रडत सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. जवळ बसवून त्यांनी मला ही गोष्ट सांगितली.

एकदा काय झालं, उघड्या माळावर धनगरांचा तळ पडला होता. मेंढ्या, एक घोडी, एक कुत्रा. माणसं तीनच. म्हातारी बाळाबाई, तिचा लेक येळू, आणि नवी सून सगुणा. दिवाळी झाली की चाऱ्यासाठी बिऱ्हाड घेऊन निघायचं. पण कुठं जायचं ते माणूस ठरवत नसे, बरं का! तीन दगडांची चूल मांडायची, नव्या मडक्यात मेंढीचं दूध तापवायचं आणि उतू जाऊ द्यायचं. दूध ज्या अंगाला सांडेल, त्या दिशेला निघायचं.

त्या वर्षी मावळतीला हिरवंगार होतं आणि उगवतीला पाऊसच नव्हता. पण सगुणाचं माहेर उगवतीला. तिची आई अंथरुणाला खिळलीय, असा निरोप बाजारात कानावर आलेला. नव्या सुनेनं माहेराचं कसं काढावं? मग चूल मांडताना तिनं मावळतीच्या दगडाखाली हळूच खापराचा तुकडा सरकवला. मडकं कललं. दूध फसफसलं आणि उगवतीला गेलं.

"देवाची मर्जी," म्हणत बाळाबाईनं हात जोडले. सगुणानं मान खाली घातली.

मग निघाले. एक दिवस चालले, दोन दिवस चालले. गवत सरलं. ओढे कोरडे. तिसऱ्या दिवशी मेंढ्यांचं दूध आटलं आणि कोकरं उपाशी ओरडू लागली.

तेवढ्यात समोर काळवीट आलं. पीळदार शिंगं, ओले टपोरे डोळे. सगुणा म्हणाली, "दादा, पाणी कुठंय?"

"आधी सांग, कुणाच्या शब्दानं आलात इकडं?"

"दुधाच्या."

"मग दुधालाच विचार," म्हणालं आणि चार उड्यांत दिसेनासं झालं.

मग दुपारी माळढोक भेटला. उंच मानेचा, सावकाश पावलं टाकणारा. त्यानंही तेच विचारलं. सगुणा म्हणाली, "देवाच्या शब्दानं."

"मग देव दाखवील की," म्हणत त्यानं पंख पसरले. गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात धाकट्या कोकराला उभं राहवेना. सगुणानं ते मांडीवर घेतलं. मान लुळी पडलेली. आणि समोर कोण? लांडगा! पण कुत्रा भुंकला नाही, बरं का. लांडगाही पुढं आला नाही. नुसता बसला.

"बाई, कुणाच्या शब्दानं आलात?"

सगुणानं कोकराकडं बघितलं. मागं सासू उभी, नवरा उभा. ती मोठ्यानं म्हणाली, "माझ्या! आईला बघायचं होतं मला. मीच दगडाखाली खापर सरकवलं. देवाचं नाव घेतलं, तेही खोटं."

लांडगा उठला. म्हणाला, "पाण्याजवळ माझी पिल्लं आहेत. खोटं बोलणाऱ्याला घरची वाट कशी दाखवू? आता चल."

"तुझ्या पिल्लांना आमची काठी लागायची नाही," सगुणा म्हणाली.

मग लांडगा पुढं, मेंढ्या मागं. टेकडीच्या पोटात करंजाची झाडं होती, त्याखाली थंडगार झरा. काठानं गवत. मेंढ्या प्याल्या. कोकरानं दोन घोट घेतले आणि टुणकन उठलं!

सगुणा सासूच्या पाया पडायला वाकली. "आत्याबाई, चुकलं माझं."

"चुकलंच!" बाळाबाई म्हणाली. "एवढ्यासाठी खापर सरकवतात होय? मला सांगितलं असतंस, तर येळूला मेंढ्या घेऊन मावळतीला धाडलं असतं आणि आपण दोघी घोडीवर बसून तुझ्या आईकडं गेलो असतो. मी काय वाघीण आहे?"

येळू हसला, कुत्र्यानं शेपूट हलवली. मग येळू मेंढ्यांजवळ थांबला आणि दोघी घोडीवर बसून गेल्या. लेक दारात दिसताच म्हातारी आई उठून बसली. विहिणीच्या हातचं दूध पोटात गेलं, चार दिवसांत चुलीपर्यंत चालू लागली.

तेव्हापासून त्या तळावर दूध तापवायच्या आधी बाळाबाई सगळ्यांना विचारायची, "कुणाला कुठं जायचंय का रे?" मगच चूल पेटायची. मेंढ्या वाढल्या, पिल्लं वाढली, आणि लांडग्याच्या झऱ्यावर काठी कधी कुणी उगारली नाही.

त्या दिवसापासून मीही नेम धरलाय. देवापुढची वात शांत व्हायच्या आत मनात सरकवलेलं खापर काढून टाकायचं. बाळांनो, तुम्हीही एवढं करा. समईत अजून थोडं तेल आहे. कुणाला काही सांगायचं असेल तर माझ्या कानात सांगा. मी रागवायची नाही. आणि मग डोळे मिटा.