हेरंबरावांचा चमचा

अळ्यांचं बोलणं माणसांना कळायचं, फक्त ती ऐकायची नाहीत, अशा काळातली ही गोष्ट. हेरंबरावांनी हौसेने एका परदेशी भुंग्याची अळी बरणीत, कुजक्या लाकडाच्या भुशात पाळली होती. तिचा भुंगा झाला की त्याला सांबरासारखी शिंगं येणार होती. म्हणून ते रोज चमच्याने भुसा उकरून तिला बाहेर काढत.

"अहो, पुन्हा?" अळी वैतागली. "कोषाची जागा आत्ताच लिंपून झाली होती. मोडलीत ना!"

"अगं, शिंगं आली का, तेवढंच बघतोय."

"बघायचं थांबलात तर येतील!"

शेवटी भुंगा निघाला, तो वाकड्या शिंगांचा. हेरंबराव हळहळले, "एवढं लक्ष ठेवूनही असं कसं झालं?"

"चमच्याला विचारा," भुंगा म्हणाला.

पण हेरंबराव तोवर नव्या अळीची बरणी उकरू लागले होते.