काटा आधी की दगड आधी

फार वर्षांपूर्वी करवंदीच्या रानात एक बगळी वैद्यकी करायची. लांब चोचीने ती कुणाच्याही पायातला काटा अलगद काढायची. एकदा रानाचा कारभारी असलेल्या तरसाने फर्मान काढलं, "फुकटे फार माजलेत! आधी बंधाऱ्यावर दहा दगड वाहा, मगच उपचार."

माकडांची तर चंगळच झाली. त्यांनी एकच दगड दहा वेळा वाजतगाजत नेला आणि काहीही दुखत नसताना बगळीकडून शेपट्या चोळून घेतल्या.

तेवढ्यात काजळी म्हैस तीन पायांवर लंगडत आली. "कारभारी, खुरात काटा रुतलाय. चालताच येत नाही, तर दगड कसे वाहू?"

"नियम म्हणजे नियम!" तरस गुरगुरला.

"मग मलाही काम केलंच पाहिजे," बगळी म्हणाली, "आणि माझं काम हेच आहे." तिने सपकन काटा उपसला.

काजळीने आनंदाने अशी उडी मारली की माकडं झाडावर पळाली. बेसूर गात ती थेट बंधाऱ्याकडे धावली आणि भराभर दगड वाहू लागली.

तरस मागून ओरडला, "अगं, उपचार तर झाला! आता दगड कशाला?"

काजळी हसून म्हणाली, "आता चालता येतंय म्हणून!"