शुश्रूषा

तालुक्याच्या एका रुग्णालयात कुमुद नावाची परिचारिका काम करीत असे. क्वार्टरमध्ये ती एकटीच राही. कुणाचा ताप, कुणाची भीती, सारे तिला चेहऱ्यावरून कळे. पण पुढे पुढे तिचे मन दगडासारखे झाले. अखेर नोकरी सोडायचे ठरवून ती आपल्या गुरू, वृद्ध मेट्रन द्वारकाबाई यांच्या घरी गेली.

बाईंनी तिचे सगळे ऐकून घेतले. मग उठून त्यांनी खाटेवर धुतलेली चादर अंथरली आणि त्या म्हणाल्या, "झोप इथं."

"अहो बाई, मी कुठे आजारी आहे?"

"झोप म्हटलं ना!"

कुमुद संकोचाने आडवी झाली. उशाशी स्टुलावर बसून बाईंनी तिचे मनगट हातात घेतले. मग वॉर्डात विचारावे तसे त्यांनी विचारले, "सिस्टर, या पेशंटचं काय?"

कुमुद सवयीने सांगू लागली, "झोप नाही. जेवण अर्धंच."

"कधीपासून?"

"शेवंता गेल्यापासून." ती छताकडे पाहत राहिली. "सहा वर्षांची पोर, बाई. आई बेशुद्ध पडलेली, म्हणून मीच तिला पुसलं, फ्रॉक घातला. तेवढ्यात शेजारचं सलाईन संपलं. मी उठले."

"रडलीस?"

"वेळच नव्हता. नंतर कुणी विचारलंही नाही."

बाई शांतपणे म्हणाल्या, "तू प्रत्येक खाटेपाशी थांबतेस, स्वतःपाशी आलीस की मात्र पुढे निघून जातेस. ज्या रुग्णाकडे कुणी फिरकत नाही, तो खंगत जातो, हे तुला ठाऊक आहे. नोकरी सोडशील, पण हा रुग्ण तुझ्याबरोबरच येणार. रोज थोडा वेळ त्याच्या उशाशी बस. उपदेश नको, घाई नको. काय दुखतंय, एवढंच विचार."

"आणि उत्तर आलं नाही तर?"

"रुग्ण पहिल्याच दिवशी कुठे मन मोकळं करतो? तू बसली आहेस, हे त्याला कळू दे."

संध्याकाळी कुमुद खोलीवर परतली. वाट पाहणारे तिथे कुणी नव्हतेच. तिने रेडिओ लावला नाही. खाटेच्या कडेला बसून ती हलकेच म्हणाली, "कुमुद, काय होतंय गं?"

बराच वेळ काहीच झाले नाही. मग शेवंताचे नाव ओठांवर आले आणि तिला रडू कोसळले. या वेळी ती उठली नाही.

खोली पूर्वीइतकीच रिकामी होती. पण तिची विचारपूस करणारे माणूस आता त्या खोलीत होते.