ठकूची ढाल आणि घसा बसलेला राक्षस

एकदा काय झालं, एका राज्याचा शत्रू ओरडायचाच थांबला.

हसू नका. मोठं संकट होतं ते. राजाचं नाव खड्गसेन. त्याच्या राज्याच्या कडेला एक डोंगर, डोंगरावर हद्दीचा दगड, आणि दगडापलीकडे राहायचा गडगड्या राक्षस. त्याला कुणी बघितलं नव्हतं बरं का. पण रोज सकाळी तो अशी डरकाळी फोडायचा की इकडे शिंक्यावरची मडकी हलायची. मग राजा म्हणायचा, "ऐकलंत? करा ढाली! करा भाले! वाजवा नगारे!" की लागलं सगळं गाव कामाला. लोहार भाल्यांची पाती घडवायचे, सुतार दांडे बसवायचे, चांभार ढालींना मुठी शिवायचे. आणि ज्याला त्याला राजाच्या कोठारातून ज्वारी मिळायची.

शेती कोण करायचं म्हणतेस? कुणीच नाही गं चिंगे. चांगली काळी जमीन होती ती डोंगरापलीकडे, आणि तिकडे पाऊल टाकायची कुणाची छाती? कोठारं भरून ठेवली होती राजाच्या पणजोबांनी. पणजोबांनी भरायची आणि पणतवंडांनी उपसायची, असं चाललं होतं. दसऱ्याला लोक वाजतगाजत हद्दीच्या दगडापर्यंत जायचे, दगडाला आपट्याची पानं वाहायचे आणि माघारी पळत सुटायचे. आणि ह्याला म्हणायचे सीमोल्लंघन!

त्या गावात राहायची ठकू. लोहाराची लेक. तिच्यासारखी गोल गरगरीत पोलादी ढाल कुणाला जमायची नाही. घरात नगारा वाजवणारा नवरा, दोन पोरी, आणि सासू. सासूला ती आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंच्या तोंडात एकही दात नव्हता, पण तोंड मात्र दिवसभर चालायचं.

मग एक दिवस सकाळ झाली आणि डरकाळी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आता लोकांना आनंद व्हायला हवा की नाही? पण कसला आनंद! सगळ्यांची तोंडं उतरली. राजा म्हणाला, "शत्रूच नाही, तर ढाली कशाला? भाले कशाला?" आणि त्यानं कोठाराला कुलूप घातलं. ठकूची भट्टी विझली. घरात भाकरी होती तिथं आंबील आली, आंबील होती तिथं नुसतं ताक आलं. धाकटी म्हणाली, "आई, राक्षसबाप्पा कधी ओरडणार गं?" ठकूला रडू आलं, आणि रागही आला. पोरींच्या पोटाची काळजी राक्षसाच्या तोंडाला बांधून ठेवलेली, हे काय जगणं?

तिकडे दरबारात ठरलं, नवा शत्रू शोधायचा. आधी शेजारच्या राजाला पत्र गेलं: "कृपा करून आमच्याशी वैर धरा." त्याचं उत्तर आलं: "आमची गुऱ्हाळं लागली आहेत, भांडायला सवड नाही. सोबत काकवीचा घडा पाठवतो, गोड मानून घ्या." झालं! काकवी चाटून संपली, शत्रू काही मिळाला नाही.

मग प्रधान म्हणाले, वानरांशी लढू. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशातली गत! निघालं सगळं सैन्य आमराईवर. वानरांना वाटलं, खेळायला आले. त्यांनी शिपायांची पागोटी पळवली आणि झाडाझाडावर झोके बांधले. सेनापती उघड्या डोक्यानं घरी आले.

मग शेवटी राजा म्हणाला, "जुना होता तोच बरा. कुणीतरी जा, आणि त्याला पुन्हा ओरडायला सांगा." सेनापतींच्या पोटात दुखायला लागलं. प्रधानांची मावससासू नेमकी त्याच दिवशी आजारी पडली. मग ठकू पुढे झाली. "मी जाते, महाराज."

"ठकूबाई, तो ओरडला की कोठार उघडलंच समजा," राजा म्हणाला.

ठकूनं सणासाठी लपवलेली कणीक घेतली, गूळ घेतला. आत्याबाईंनी पदराच्या गाठीतलं ज्येष्ठमध काढून दिलं. म्हणाल्या, "रोज ओरडणारं माणूस गप्प बसलं म्हणजे घसा बसला असणार. माझा नाही का बसत?" ठकूनं पाठीला ढाल बांधली आणि निघाली.

हद्दीच्या दगडाशी ती अडली. पण ताक पिऊन झोपलेल्या पोरी डोळ्यांपुढे आल्या, आणि टाकलं तिनं पाऊल पलीकडे. पुढे सरळ उतार. उभ्यानं उतरवेना. मग काय केलं? ढाल उताणी टाकली, तीत बसली, आणि घर्रर्रर्र! गवतावरून घसरत घसरत खाली आली ती थेट एका भल्यामोठ्या अंगठ्यावर आपटली.

तो अंगठा राक्षसाचा होता.

गडगड्या कांबळं पांघरून बसला होता, डोक्याला मफलर गुंडाळून. ठकूला बघून त्यानं दोन्ही हात वर केले आणि चिरक्या आवाजात म्हणाला, "बाई, मारू नकोस गं मला!"

"मी कशाला मारू? तूच रोज आमच्यावर ओरडतोस!"

"मग काय करू? पलीकडून दिवसभर ठक ठक, ठक ठक. मला वाटायचं, आज आले, उद्या आले. भीती वाटली की मी ओरडायचो. मी ओरडलो की तुमची ठकठक वाढायची. ती वाढली की मी आणखी ओरडायचो. आठ वर्षं झोपलो नाही बाई मी. घसा बसला तेव्हा कुठे ठकठक थांबली."

ठकू डोक्याला हात लावून बसली. मग म्हणाली, "आधी घसा बघू तुझा. भांडं आहे का एखादं?"

"माझ्याच आवाजानं फुटली सगळी," राक्षस लाजत म्हणाला.

मग ठकूनं ढालीच्या मुठी काढल्या, तिला तीन दगडांवर उताणी ठेवली, आणि ज्येष्ठमधाचा काढा उकळला. एक ढालभर काढा प्यायला, आणि राक्षसाचा घसा मोकळा झाला. मग त्याच्या पोटातून गुडगुड ऐकू आली. ठकूनं ढाल पालथी घातली, खाली जाळ केला, कणकेत गूळ भरला, आणि हातावर मोठाले मांडे पसरून ढालीवर टाकले. काय फुलले! काय खरपूस झाले! राक्षसानं एकवीस खाल्ले आणि बोटं चाटत म्हणाला, "मला आई बाळू म्हणायची. तूही म्हण. आता सांग, तुझ्यासाठी काय करू? ओरडू?"

ठकूनं विचार केला. ओरड म्हणायचा अवकाश, कोठार उघडणार होतं. पोरींना भाकरी मिळणार होती. पण मग पुन्हा ठकठक. पुन्हा ह्याची झोप जाणार. आणि पुन्हा कधी ह्याचा घसा बसला, की पुन्हा ताक. तिनं त्या काळ्याभोर जमिनीकडे बघितलं, गुळानं चिकट झालेल्या ढालीकडे बघितलं. इतकी वर्षं ढाली केल्या, एकीनं कधी एक घाव अडवला नव्हता. आज एकाच ढालीनं केवढं काम केलं!

"ओरड बाळू," ती म्हणाली, "पण तसं नाही. जेवायला हाक मारतात ना, तसं ओरड."

मग बाळूनं छाती भरून घेतली आणि ओरडला, "मांऽऽडे झालेऽऽत! या रेऽऽऽ!"

गावात शिंक्यावरची मडकी हलली. लोक आनंदानं नाचले. "शत्रू आला! शत्रू आला!" भाले घेऊन, नगारे वाजवत सगळे हद्दीच्या दगडाशी धावले. आणि थबकले. खालून खरपूस वास येत होता. पुढे कुणी होईना, मागे कुणी जाईना. तेवढ्यात आत्याबाई काठी टेकत पुढे आल्या. "सरका मेल्यांनो! मरायचं असेल तर मांडा खाऊन मरेन." आणि पार केला त्यांनी दगड! त्यांच्यामागे ठकूच्या पोरी, मग सगळं गाव, आणि सगळ्यात शेवटी पालखीतून राजा.

ठकूनं उरलेले मांडे तुकडे करून सगळ्यांना वाढले. पोरींच्या ताटात सगळ्यात आधी. राजा घास हातात धरून रडवेला झाला. "अगं ठकूबाई, हा तर मित्रच निघाला. आता माझ्या राज्यानं जगायचं कशावर?"

"भुकेवर, महाराज," ठकू म्हणाली. "शत्रूचं काय, आज आहे, उद्या नाही. त्याचा घसा बसला की आमच्या चुली विझतात. भूक तशी नाही. ती रोज नवी लागते. समोर जमीन पडलीय, हातांत कसब आहे. आमच्याकडून भुकेसाठी काम करून घ्या."

राजा बराच वेळ काही बोलला नाही. कारण तोंडात मांडा होता. गिळून झाल्यावर म्हणाला, "कोठाराचं कुलूप काढा. त्यातलं बियाणं वेगळं करा."

मग काय विचारता! लोहारांनी नांगरांचे फाळ घडवले, सुतारांनी तिफणी केल्या, चांभारांनी मोटा शिवल्या. सेनापती पाखरं हाकायला लागले, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे तो उपयोगी पडला. बाळू मात्र आठ दिवस गाढ झोपला. उठला तो रोज दुपारी हाक मारायला लागला: "जेवायला चलाऽऽ!" ठकूचा नवरा त्याच्या जोडीला नगारा वाजवायचा.

पुढच्या खंडेनवमीला राजानं शस्त्रांची पूजा मांडली. मधोमध होती ठकूची ढाल. पालथी, काजळीनं काळीकुट्ट. तिच्यावर राजानं स्वतः झेंडू वाहिला. दुसऱ्या दिवशी खरंखुरं सीमोल्लंघन झालं. बाळूनं आत्याबाईंच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. आत्याबाई म्हणाल्या, "सुखी राहा. आणि ओरडताना मफलर घालत जा."

तर ते सगळे तिकडे पोटभर जेवून सुखानं झोपले. आता तुम्हीही इकडे पाय पोटाशी घ्या आणि झोपा. चिंगे, पांघरुणावरून भांडण आता सकाळी. आज कुणी शत्रू नाही.