द्वारकाबाईंशी कोण भांडलं होतं?

एकदा एका लहानशा बाजारगावात तांब्यापितळेच्या भांड्यांचा एक व्यापारी राहत असे. त्याची पत्नी द्वारकाबाई थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन अकस्मात गेली. चौदाव्या दिवशी सगळी आळी त्याच्या अंगणात जमणार होती. व्यापारी गावातल्या वृद्ध गुरुजींकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, तिच्याविषयी दोन शब्द कुणीतरी बोलायला हवेत. मला ते जमणार नाही."

गुरुजींनी ते काम आपल्या शिष्यावर सोपवलं. शिष्य चाळिशीचा, शब्दांवर प्रभुत्व असलेला. परगावाहून अध्ययनासाठी आलेला आणि इतकी वर्षं पोथ्यांतून मान वर न काढलेला असल्यामुळे द्वारकाबाईंना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. चार दिवस तो घरोघर हिंडला. जो तो हेच सांगे, "साक्षात देवमाणूस हो! कधी कुणाला वाकडा शब्द बोलल्या नाहीत." व्यापारी म्हणाला, "घराची लक्ष्मी होती." सासरहून आलेली लेक इंदू तेवढी कोपऱ्यात बसून होती. तिचे डोळे कोरडे होते. "लोक सांगतात तेच लिहा," एवढंच ती म्हणाली.

शिष्यानं तीन पानं लिहिली. वाचून पाहिली आणि तो गोंधळला. शब्द निर्दोष होते, पण गेल्या वर्षी एका मामलेदाराच्या आईविषयी त्यानं हेच लिहिलं होतं. नाव बदललं तर एका अक्षराचाही फरक पडला नसता.

"गुरुजी, मी तीस माणसांना भेटलो," तो खिन्नपणे म्हणाला, "पण द्वारकाबाई काही भेटल्या नाहीत."

"कागद बरोबर असू देत," गुरुजी म्हणाले. "उद्या पाहू."

चौदाव्या दिवशी अंगण भरलं. शिष्य कागद सरसावून उठणार, तोच गुरुजी उभे राहिले. हात जोडून शांतपणे म्हणाले, "द्वारकाबाईंशी ज्यांचं कधी भांडण झालं असेल, त्यांनी आधी बोलावं."

व्यापाऱ्याचा चेहरा पडला. त्याचे थोरले बंधू ताडकन म्हणाले, "गुरुजी, ही काय वेळ आहे असलं विचारण्याची?" शिष्याची मान खाली गेली. बारा वर्षं ज्यांच्या पायाशी बसलो त्यांना आज झालंय तरी काय, हे त्याला उमगेना. गुरुजी मात्र हात जोडून तसेच उभे.

शेजारच्या गिरजाकाकू पदर सावरत उठल्या. "मी भांडलेय. चांगली कडाकडा भांडलेय. तिच्या शेवग्याची फांदी माझ्या अंगणात आली होती, ती मी तोडली. आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. नवव्या दिवशी मला ताप भरला, तर पेज घेऊन दारात हजर. तेव्हाही अबोला! वाटी ठेवली नि गेली. दुसऱ्या दिवशी वाटी न्यायला आली तेव्हा म्हणते कशी, 'गिरजे, तोडलीस ते तोडलीस, पण ऐन फुलावर आलेली तोडलीस गं.'"

कुणीतरी हसलं, आणि हसल्यावर दचकलं.

मग शाळेचे निवृत्त मास्तर बोलले. त्यांनी एकदा एका मुलाला उन्हात उभं केलं होतं. मुलगा द्वारकाबाईंचा नव्हे, आळीतल्या कुणाचा तरी. बाई आल्या आणि त्याच्याशेजारी उन्हात फतकल मारून बसल्या. "मला म्हणाल्या, 'मास्तर, तुमचं चालू द्या, मला घाई नाही.' मी चरफडलो. पण पुन्हा कुठल्याच पोराला उन्हात उभं केलं नाही."

आणि मग, कुणी न विचारता, व्यापारी उठला. "एका लग्नघरी मी पोचा आलेली घागर विकली होती. पोचा भिंतीकडे फिरवून. हिला कळलं तेव्हा डोक्यावर चांगली घागर घेऊन ही त्या घरी गेली आणि बदलून आली. भर बाजारातून! मी तीन दिवस जेवलो नाही तिच्या हातचं. लोक मला सचोटीचा माणूस म्हणतात. मी सचोटीचा नव्हतो. मला तिचा धाक होता."

पुढे कितीतरी जण बोलले. शिष्य ऐकत होता, आणि ज्या बाईला त्यानं कधी पाहिलं नव्हतं ती पदर खोचून त्याच्यासमोरून ये-जा करू लागली होती.

शेवटी इंदू उठली. "दिवाळीत माझं आईशी भांडण झालं," ती म्हणाली. "सासरच्यांना नको म्हणून मी शाळेतली नोकरी सोडली होती. आई म्हणाली, 'मान डोलवायला नाही वाढवलं तुला.' मला राग आला. मी म्हटलं, 'तू तरी चूल नि अंगण सोडून जन्मभर काय केलंस?' ती काही बोलली नाही. मी निघून गेले. त्यानंतर..."

तिनं अंगणात बसलेल्या एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, आणि चौदा दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं. गिरजाकाकूंनी तिला जवळ ओढलं.

परतताना शिष्य म्हणाला, "गुरुजी, मला अजून नीटसं कळलेलं नाही. चांगलं सांगा म्हटल्यावर बाई दिसेनात, आणि भांडणं काढल्यावर दिसल्या. हे कसं?"

गुरुजी थांबले. "अरे, स्तुती शालीसारखी असते. कुणाच्याही खांद्यावर बसते. भांडण मात्र ज्याचं त्याच्याच अंगाला येतं. माणूस कशासाठी अडून बसला, यावरून तो कळतो. आपण मृताला देव करतो ते प्रेमापोटीच. पण देवाची आठवण येत नाही रे, त्याला नुसता नमस्कार करता येतो. आठवण माणसाची येते."

"पण त्या लेकीला किती यातना झाल्या!"

"झाल्या," गुरुजी हळूच म्हणाले. "मलाही भीती वाटत होती. अजून वाटते आहे."

गुरुजी पुढे निघून गेले. शिष्य नदीकाठच्या पायरीवर बसून राहिला. त्याला त्याची आई आठवली. आई हसतमुखानं निरोप देणारी होती, असं तो वीस वर्षं सगळ्यांना सांगत आला होता. आता, तिथं बसल्या बसल्या, त्याला आठवलं की ज्या सकाळी तो घर सोडून निघाला, त्या सकाळी आईनं त्याच्या वहाणा लपवून ठेवल्या होत्या. आणि तो तिच्याशी एक शब्दही न बोलता अनवाणीच निघाला होता.